फों गोयावची मालकीण

फों गोयाव,
९ फेब्रुवारी १९८२

प्रिय इग्नास,

तुझं नाताळचं कार्ड काल पोचलं. टाउनहून इथवर यायला त्याला फेब्रुवारी उजाडला. तुमच्या सरकारचं टपाल माझ्या गाढवापेक्षा हळू चालतं, आणि गाढव निदान लीद तरी देतं, ती केळीला घालता येते.

कामाचं लिहिते. वादळानंतर लावलेली केळ आता कुठे धरली, तर चोरांनी हैदोस मांडलाय. आपल्या वरच्या तुकड्यातले घड दुसऱ्यांदा कापून नेले. बाईला मूल व्हायला जेवढे महिने लागतात तेवढेच घडालाही लागतात, आणि न्यायला एक सकाळ पुरते. शेजारच्या मालीनचे कंद उपटून नेले, वर्दूनचा कोको झाडावरून उतरवून नेला. केळी उचलणारे बोटवाले आधीच भाव पाडून बसलेत. सालीवर डाग दिसला की खोकं परत करतात. डागाची केळी बोटवाले नाकारतात आणि बिनडागाची चोर नेतात, मग आम्ही काय बुंधे चघळायचे?

गेल्या शनिवारी एक सापडला. पलीकडच्या खोऱ्यातला होता, गोणीत कंद होते. पॅकिंगच्या शेडच्या खांबाला बांधला आणि केळीला टेकू देतो त्या बांबूंनी सगळ्यांनी झोडपला. मीही झोडपला. त्याच्या गुडघ्याची वाटी फुटली ती सगळ्यांना ऐकू गेली. मग पोलीस आले आणि घेऊन गेले. मॅजिस्ट्रेटने काय करावं? त्याला दम देऊन सोडलं, आणि वर आम्हालाच दम. मला त्या लंगड्याची काडीची दया आली नाही, हे तुला सांगून ठेवते.

तू कायदे खात्यात पंख्याखाली बसतोस. काहीतरी कायदा कर. नाहीतर पुढच्या खेपेला आम्ही गुडघ्यावर थांबणार नाही.

एल्फेज परत आलाय. आपल्या काकाचा एल्फेज. इतकी वर्षं शेजारच्या ग्वादलूप बेटावर ऊस तोडून हात हलवत आला. माझ्याच घरी जेवतो, माझ्याच ओसरीवर झोपतो, तुझ्यासारखंच मला थोरली बहीण म्हणून सेसे म्हणतो आणि वर मलाच सुनावतो, "सेसे, तुझ्या मासळीत मीठ फार." मी म्हटलं, "मग स्वतःची बायको कर आणि तिचं आळणी खा." पण घरात हसण्याचा आवाज आला, ते बरं वाटतं.

तुझी थोरली बहीण,
अर्मांतिन


टाउन,
२२ फेब्रुवारी १९८२

प्रिय सेसे,

आधी बांबू खाली ठेव. या वयात दुसऱ्यांच्या वाट्या फोडू नयेत, आपल्या सांभाळाव्यात.

नवा कायदा करायची गरजच नाही. १८९७ सालचा एक आहे, शेतमालाच्या चोरीचा, मळेवाल्या गोऱ्यांनी केलेला. स्वातंत्र्याच्या दिवशी आपण झेंडा बदलला, गाणं बदललं, "बाकी सर्व कायदे आहेत तसेच राहतील" अशी एक ओळ लिहिली आणि आतषबाजी बघायला गेलो. त्यामुळे तो कायदा मेलेला नाही, नुसता झोपलाय. त्यात चोराला चिंचेच्या ओल्या फोकांनी फटके मारायची तरतूद आहे.

मी हे मंत्रीसाहेबांच्या कानावर घातलं, तर ते खुर्चीतून उठलेच. त्यांचं चुकत नाही. तिजोरीत खडखडाट आहे. साखर गेली, एकुलतं एक मोठं हॉटेल वादळाने नेलं, आता सगळा देश केळीच्या बुंध्याला टेकून उभा आहे. तुरुंगात टाकलं तर चोराला दोन वेळा जेवू घालावं लागतं. साहेब म्हणाले, "इग्नेशियस, फटके स्वस्त पडतात." अधिसूचनेचा मसुदा मीच केला. तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं, वाटीचा भाग सोडून.

दुसरी बातमी गोड आहे. जमिनीचा कागद झाला! परदेशी मदतीच्या योजनेला एका तुकड्यावर एकच नाव लागतं. "जमीन सगळ्या घराण्याची" असं लिहिलं की त्यांच्या साहेबांचं डोकं फिरतं. म्हणून तुझं नाव घातलं आणि बाकी सर्व वारसांची संमती आहे असं प्रतिज्ञापत्र मी दिलं. विचारत बसलो असतो तर ब्रुकलिनपासून ग्वादलूपपर्यंत सह्या गोळा करण्यात हयात गेली असती. आता तुला खत मिळेल, फवारणी मिळेल. एखाद्या रविवारी जेवताना सगळ्यांना हसतखेळत सांगून टाक.

तुझा,
इग्नास


फों गोयाव,
१४ मार्च १९८२

प्रिय इग्नास,

अधिसूचना शेडच्या भिंतीवर चिकटवली तेव्हा मालीन नाचली. खरंच नाचली, सगळ्यांसमोर, घागरा वर धरून. मी तुझं नाव सांगितलं तर लोक म्हणाले, "आपला पोरगा टाउनला जाऊन वाया गेला नाही म्हणायचा." माझी मान ताठ झाली, खोटं कशाला सांगू.

खत आलं, फवारणीही आली. कागद मी देवाच्या तसबिरीमागे ठेवलाय. रविवारी सांगायचं म्हणून बसले होते, पण त्याच वेळी एल्फेज नीरफणस भाजून घेऊन आला. त्या आपल्या झाडाचा. त्याची नाळ तिथेच पुरलेली आहे, तुझीही, माझीही. आजी म्हणायची, ज्याची नाळ ज्या मातीत त्याला त्या मातीतलं काही घेताना कोणी "का रे" म्हणायचं नाही. तो सगळ्यांना वाढत होता, आपल्या घरातलं वाढावं तसा. मग मी कागदाचं काय काढणार? तोंडातला घास कडू कशाला करू? एका कागदाने आमच्यात काय बदलणार आहे?

आता तो खालच्या तुकड्यात स्वतःसाठी कंद लावतोय. बोटीच्या दिवशी एखाद-दोन घड कापून आपल्या नावाने विकतो. लहानपणापासून आपण सगळेच असं करत आलो, त्याला कोण अडवणार?

अर्मांतिन


टाउन,
२ एप्रिल १९८२

प्रिय सेसे,

पहिले फटके झाले. कायदे खात्याचा अधिकारी हजर पाहिजे असं कलम आहे, म्हणून मला उभं राहावं लागलं. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. तुला सांगतो, कारण सांगितल्याशिवाय झोप लागणार नाही.

माणूस दक्षिणेकडचा दारुडा होता, रताळी चोरलेली. फटके मारणारा आता कोणी उरलेला नाही, म्हणून तुरुंगाच्या स्वयंपाक्याला उभं केलं. डॉक्टर पाहिजे असं कलम आहे, पण सरकारी डॉक्टर कॅनडाला गेला तो गेलाच, म्हणून गुरांचा डॉक्टर आणला. फोका मिठाच्या पाण्यात भिजवल्या होत्या. पहिल्या फटक्याला तो माणूस हसला, सेसे. दारू उतरलेली नसावी. तिसऱ्याला कातडी फाटली. नंतर नंतर स्वयंपाकी रडत होता आणि मारत होता. वॉर्डर त्याला ओरडला, "हात का ढिला पडला? तुझ्या पगारातून कापीन!" रक्त माझ्या बुटापर्यंत उडालं. शेवटी तो माणूस आईला हाक मारत होता, आणि गुरांचा डॉक्टर म्हणाला, "नाडी ठीक आहे, चालू द्या."

मी घरी जाऊन बूट तीनदा धुतले. दुसऱ्या दिवशी आकडे आले. बोटीवर चढलेली खोकी वाढली होती. साहेबांनी माझी पाठ थोपटली. तो हात पाठीवर पडला तेव्हा मी दचकलो.

तरीही मी म्हणतो, कायदा चालतोय. फक्त एक लक्षात ठेव. आता प्रत्येक खोऱ्यात खास पथक येणार आहे, हातात बंदुका असलेलं. ते कुणाची नाळबिळ विचारत नाहीत, कागद विचारतात. तू एल्फेजला आणि बाकीच्यांना कागदाचं सांगितलंस ना? त्याला तुझ्या सहीची एक चिठ्ठी देऊन ठेव. त्या रविवारी टाळलंस, तसं आता टाळू नकोस.

इग्नास


फों गोयाव,
७ मे १९८२

इग्नास,

एल्फेजला धरलं. त्याला सोडव. हे पत्र टपालाने नाही, टाउनला जाणाऱ्या ट्रकवाल्याच्या हाती धाडतेय; आजच्या आज कोणाला तरी भेट आणि सोडव.

काय झालं ते नीट लिहिते. बोटीचा दिवस होता. मी वरच्या तुकड्यात फण्या कापत होते. खाली पायवाटेने एक माणूस चालला होता, डोक्यावर चुंबळ, त्यावर घड, आणि अंगाला चीक लागू नये म्हणून डोक्यापासून पाठीवर गोणपाट. तोंड दिसत नव्हतं. मला वाटलं, एल्फेज तर खालच्या तुकड्यात कंद खणतोय, मग हा कोण? आणि मी ओरडले. "चोर! चोर! धरा!" माझा आवाज तुला माहीत आहे. रस्त्याच्या वळणावर पथक बसलेलंच होतं.

मी धावत खाली गेले तर एल्फेज. घड बाजूला उतरवून हसत उभा होता. शिपायांना म्हणत होता, "अरे, माझ्याच जमिनीतला घड आहे. ती बघा, माझी बहीणच आली. तिला विचारा."

त्यांचा सार्जंट बेल्फां, जाड मानेचा, माझ्याकडे वळला. "जमीन कोणाची? कागद कोणाच्या नावावर?"

इग्नास, मी विचार केला. खरंच केला. मला वाटलं, मालकीण मी म्हटलं तर घडही माझा ठरेल, आणि माझी वस्तू मी दिली म्हटल्यावर भांडणच मिटलं. म्हणून मी छाती पुढे काढून सांगितलं, "कागद माझ्या नावावर आहे. मी मालकीण. घड माझा आणि मी त्याला माफ केलं. सोडा त्याला."

एल्फेजने माझ्याकडे पाहिलं. "कसला कागद, सेसे?"

एवढंच म्हणाला. तेवढ्यात बेल्फांने बंदुकीचा दस्ता त्याच्या तोंडावर हाणला. दात माझ्या पायाशी पडले. तो खाली बसला तर दोघांनी बुटांनी बरगड्यांत लाथा घातल्या. मी एका शिपायाच्या मनगटाला चावले ते हाड लागेपर्यंत चावले. दुसऱ्याने मला केसांना धरून चिखलात फेकलं. एल्फेजला ट्रकमध्ये टाकला तेव्हा तो शुद्धीवर होता आणि माझ्याकडेच बघत होता.

मी माफ केलंय. मालकिणीने माफ केलंय. मग खटला कसला? तू जाऊन सांग त्यांना.

अर्मांतिन


टाउन,
१० मे १९८२

सेसे,

काय बोलून बसलीस तू!

"जमीन घराण्याची" एवढं म्हणाली असतीस तर चोरीच झाली नसती. आपलं आपण घेतलं त्याला कोणताही कायदा चोरी म्हणत नाही. तू स्वतःला मालकीण म्हणवलंस आणि त्याच्या पायाखालची जमीन काढून घेतलीस. माफीचं म्हणशील तर या कायद्यात मालकाला माफ करताच येत नाही. त्या काळी मळेवाल्यांच्या बायकांना दया यायची आणि त्या चोर सोडून द्यायच्या, म्हणून मुद्दाम तसं कलम घातलंय. फिर्यादी सरकार असतं. मी ते कलम वाचलं होतं. तेव्हा मला ते फार हुशारीचं वाटलं होतं.

एकच वाट दिसते. कोणीतरी कोर्टात उभं राहून सांगायचं की कागदच चुकीचा आहे, वारसांना न विचारता केलेला आहे. ते मीच सांगू शकतो. पण मग माझं प्रतिज्ञापत्र खोटं ठरतं. नोकरी जाईल, तुरुंग होईल, मदतीची योजनाही बंद पडेल. मंत्रीसाहेब आत्ताच म्हणाले, "इग्नेशियस, हे तुमच्याच गावचं प्रकरण ना? सांभाळून."

मी कोर्टात येतो. बघतो काय करता येतं ते. तू मात्र तिथे आरडाओरडा करू नकोस आणि कुणाला चावू नकोस.

इग्नास


फों गोयाव,
२८ मे १९८२

इग्नास,

तू पहिल्या बाकावर बसला होतास. टाय लावून. मी तुझ्या मानेकडे बघत होते, आता हलेल, आता हलेल. मॅजिस्ट्रेटने विचारलं, "आरोपीच्या बाजूने कोणाला काही सांगायचं आहे?" तू चष्मा पुसलास.

मी उठले तर मला म्हणाले, "बाई, तुमची जबानी झालेली आहे. तुम्ही मालकीण आहात हे तुम्ही सांगितलंय." मी म्हटलं, मी परत घेते. म्हणाले, कागद परत घेता येत नाही. आणि एल्फेज, तुटक्या दातांनी, फुसफुस आवाजात म्हणाला, "साहेब, माझी नाळ तिथे पुरलीय." वकील लोक हसले. तू हसला नाहीस, एवढं खरं. तू खाली बघितलंस.

पूर्ण फटके. आणि तेही तुरुंगात नाही, "ज्या मळ्यावर चोरी झाली त्या मळ्याच्या नजरेसमोर". हे कुठून काढलंत? शेडसमोरच्या मोकळ्या जागेत खांब रोवलाय. मालीन आता नाचत नाही. परवा दुकानात मला बघून थुंकली. ती म्हणते, कायदा तूच मागितलास. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मला तुझा राग येतोय, इग्नास. इतका येतोय की तू समोर असतास तर मी काय केलं असतं सांगता येत नाही.

अर्मांतिन


टाउन,
१ जून १९८२

सेसे,

शिव्या दे, पण हे नीट वाच. मी रात्रंदिवस तो जुना कायदा चाळला आणि एक जागा सापडली. निम्मे फटके झाल्यावर मालक तिथे हजर असेल आणि त्याने चार लोकांत म्हटलं, "मी या जमिनीचा मालक, माझं समाधान झालं," तर शिक्षा तिथेच थांबवावी लागते. सार्जंटला नाही म्हणता येणार नाही. मी त्याला लेखी कळवलंय, तुला तो विचारेलही.

निम्मे फटके माणूस सोसतो. पुरे सोसत नाही, मी डोळ्यांनी बघितलंय. तेव्हा पुढे उभी राहा आणि ते वाक्य मोठ्याने म्हण. एवढंच करायचं आहे. मी जे करू शकलो नाही ते तुझ्या एका वाक्याने होईल. पाठ कर.

इग्नास


टाउन,
१६ जून १९८२

अर्मांतिन,

मी तुला सेसे म्हणणार नाही. मला बातमी तारेने कळली. निम्मे झाले, बेल्फांने विचारलं, सगळं गाव तुला ओरडून सांगत होतं, आणि तू तोंड शिवून उभी राहिलीस! पुरे फटके होऊ दिलेस. का? घडासाठी? मालकीणपण इतकं डोक्यात गेलं? टाउनमध्ये लोक म्हणतात, फों गोयावच्या बाईचं काळीज दगडाचं आहे, आणि माझी मान खाली जाते.

दगडफेक, गोळीबार, शेड जाळली, सगळं कळलं. फटके मारणाऱ्या त्या तुरुंगाच्या स्वयंपाक्याला लोकांनी तुडवून मारला, बेल्फांचा एक डोळा गेला. मंत्रीसाहेबांना हे प्रकरण मिटवायचं आहे. सोबत एक निवेदन पाठवतो. मालकीण म्हणून शिक्षा कायद्याप्रमाणे झाली, तुझी काही तक्रार नाही, एवढंच त्यात आहे. सही करून परत पाठव. गावातल्या बाकीच्यांवर मग कोणी हात टाकणार नाही.

एल्फेजसाठी मलम पाठवलंय. दिवसातून दोनदा लाव, पण जखमा आधी उकळलेल्या पाण्याने धू. त्याला सांग, मी लवकरच भेटायला येतो.

इग्नेशियस


फों गोयाव,
२३ जून १९८२

इग्नास,

तुझं मलम एल्फेजला पुरला त्या दिवशी आलं.

आता ऐक. फटक्यांच्या दिवशी त्याला ट्रकमधून उतरवलं तेव्हा मी कोको घेऊन गेले. शिपायांनी पाजू दिला. त्याला गिळता येत नव्हतं, मी बोटाने थोडा थोडा ओठांत सोडला. आणि त्याला तुझी युक्ती सांगितली. म्हटलं, निम्म्यावर मी बोलते, मग तू सुटलास.

तो म्हणाला, "काय बोलायचं ते बोलून दाखव."

मी वाक्य म्हटलं. त्याने ऐकून घेतलं.

"म्हणजे मार थांबायला तू परत मालकीण व्हायचं, आणि मी चोर."

"अरे, नुसते शब्द आहेत!"

"त्या दिवशी रस्त्यावरही नुसते शब्दच होते, सेसे." रागाने नाही म्हणाला. रागाने म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. "पाठ माझी आहे. ती भरून येईल. पण तू सगळ्या गावासमोर ते बोललीस तर मी इथे पाहुणासुद्धा राहणार नाही. माझ्या पोराबाळांना लोक चोराची पोरं म्हणतील."

"तुला पोरं कुठायत मेल्या?"

"होतील की. मासळीत मीठ कमी घालणारी बघतोय." त्याही वेळी हसला तो, त्या फुटक्या तोंडाने. मग माझा हात घट्ट धरला. "शपथ घे. काही झालं तरी बोलणार नाहीस."

मी शपथ घेतली. मला वाटलं, ऐन वेळी मोडीन. देव शपथ मोडल्याचं मला माफ करील, एल्फेज नाही करणार, पण जिवंत तर राहील.

त्यांनी त्याला बांधला. तू पाहिलं आहेस, मी पुन्हा लिहीत नाही. निम्मे झाले तेव्हा पाठीला पाठ म्हणावं असं काही उरलं नव्हतं. बेल्फां घाम पुसत माझ्याकडे आला. "मालकीणबाई, समाधान झालं का?" मालीन माझे दंड हलवून ओरडत होती, "बोल गं, बोल! वाचा गेली का तुझी?" मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. आणि त्याने मान वर केली. त्या खांबाला गाल घासत, इंच इंच करत, मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. त्या ट्रकमधून पाहत होता तसं नाही. लहानपणी नदीत माझा हात धरून उडी मारायच्या आधी बघायचा तसं.

मी तोंड मिटलं. जिभेला दात लागले, रक्त आलं, पण मिटलेलंच ठेवलं. बेल्फांने खांदे उडवले आणि स्वयंपाक्याला खूण केली. बाकीचे सगळे मी मोजले नाहीत, पण पाहिले. डोळे झाकायचा मला हक्क नव्हता.

मग पहिला दगड मालीनने मारला. तो बेल्फांला लागला. पुढचं तुला तारेने कळलंय. गोळ्या सुटल्या, वर्दून पोटात गोळी लागून शेडच्या पायरीवर मेला. त्याच पायरीवर स्वयंपाक्याला लोकांनी मारलं, तो तर बिचारा रडत रडत मारत होता. मी त्या सगळ्यातून एल्फेजला सोडवून घरी आणला. पालथा झोपवला. पाठ चिघळली, ताप चढला. केळीचा ट्रक मिळाला तेव्हा त्याला हॉस्पिटलला न्यायला निघाले. पुलाच्या अलीकडेच गेला. शेवटपर्यंत माझ्याशी बोलत होता, म्हणाला, "तू बोलली नाहीस, सेसे." तो समाधानाने म्हणाला. मला मात्र कुठेही समाधान नाही, इग्नास. रोज वाटतं, बोलायला हवं होतं. रोज वाटतं, बरं झालं बोलले नाही. दोन्ही एकाच वेळी वाटतं.

गाव मला शिव्या घालतं. मी कुणाला शपथेचं सांगितलं नाही, फक्त तुला सांगते. आपल्या वरच्या तुकड्यात, आजोबांच्या शेजारी पुरला त्याला. सगळे आले, मालीनसुद्धा आली, माझ्याशी न बोलता माती लोटून गेली.

तुझं ते निवेदन चुलीत घातलं. मालकिणीची सही पाहिजे म्हणतोस, तर इथे मालकीण कोणी राहत नाही. तो कागदही त्यामागोमाग घातला. तुझ्या कपाटात त्याची दुसरी प्रत असेल, तिचं काय करायचं ते तुझं तू ठरव.

भेटायला येतो म्हणाला होतास. ये. पण दिवसा ये, बोटीच्या दिवशी ये. वरच्या तुकड्यात जाऊन एक घड काप, डोक्यावर घे आणि रस्त्याने चालत माझ्या घरी ये. पथक अजून त्याच वळणावर बसतं. ते विचारतील जमीन कोणाची, तेव्हा त्यांना सांग. मी दारातच उभी असेन, मला तिथपर्यंत ऐकू यायला पाहिजे.

तुझी सेसे,
अर्मांतिन